दोन बुरुजांमधली हवा

सहा तास घोड्यावरून चढण.
घोड्याच्या एका अंगाला डिश, दुसऱ्या अंगाला तोल साधायला मिठाचं पोतं.
जुमबेर म्हणाला, मीठ तरी खात्रीचं आहे.

कागदावर माझं काम सोपं होतं.
खाली खोऱ्यात जिथे केबल दमून बसते
तिथून सिग्नल उचलायचा
आणि कॉकेशसच्या खांद्याखांद्यावरून वर न्यायचा,
रस्ता वर्षातले सात महिने बर्फाखाली असलेल्या
अकरा घरांपर्यंत.
खांब नाहीत, चर नाहीत, तार नाही.
फक्त या डिशला ती डिश दिसली पाहिजे.
मधे कडा आला की संपलं.
दृष्टीआड सृष्टी म्हणतात ना,
ती आमच्या धंद्यात म्हण नाही, नियम आहे.

दोन दिवस दुर्बीण घेऊन हिंडलो.
कुठून काय दिसतं त्याच्या खुणा नकाशावर करत गेलो,
आणि जिथे जिथे खूण केली
तिथे तिथे आधीच एक बुरूज उभा.
चुन्याशिवाय रचलेले दगड,
दार जमिनीपासून दीड पुरुष उंच.

जुमबेर पोट धरून हसला.
आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं.
या बुरुजावर जाळ केला की तो बघायचा,
तो पेटला की त्याच्या पलीकडचा.
शत्रू नदी ओलांडेपर्यंत
बायका, गुरं, मधाची मडकी, सगळं वर.

म्हणजे कुणीतरी, नाव न ठेवता,
माझा सर्व्हे करून गेलं होतं.
त्यांच्या तारेवर एकच शब्द जायचा:
आले.

मझेविनारने दक्षिणेच्या भिंतीला ड्रिल लावू दिलं नाही.
ती भिंत नवऱ्याने बांधलेली.
राउटर कांद्याच्या माळेच्या खुंटीला टांगला.
महिन्याला किती, तिने विचारलं.
मी लारीत सांगितलं, तिने चीजमध्ये मोजलं,
आणि बराच वेळ गप्प राहिली.
पासवर्ड म्हणून मेलेल्या गाईचं नाव दिलं.
हिरवा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा
त्यावर रुमाल टाकला,
झोपलेल्या माणसाच्या तोंडावर टाकतात तसा.

मग बारी. इटलीतलं एक स्वयंपाकघर,
पांढऱ्या फरशा, आणि दारेजान,
चार वर्षांनी, तळहाताएवढी.
तिच्या शेजारी खुर्चीत एक म्हातारी,
गळ्याला फडकं बांधलेली.
तिचं सगळं करण्याचाच पगार
दर महिन्याला या घरी येतो.

मला वाटलं, आता रडारड होणार.
मी उगाच स्क्रू मोजत बसलो.
मझेविनारने चष्मा लावला, स्क्रीनजवळ गेली,
मुलीकडे नाही, त्या दुसऱ्या आईकडे बघत राहिली.
शेवटी म्हणाली:
चमचा फार भरतेस. ठसका लागेल तिला.

हो आई.

सूप संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही.
मधेच वारा सुटला, वरची डिश हलली असावी,
चित्र गोठलं,
चमचा तोंडापासून दोन बोटांवर थांबला.
मी उठायला लागलो तर मझेविनारने हात केला:
थांब, गिळू दे तिला.

कंपनीच्या पत्रकात लिहिलंय
की घर म्हणजे जिथे सिग्नल पोचतो ते.
मी ते पत्रक खोगिराखाली घातलं.
घोड्याच्या पाठीला तेवढाच आधार.

उतरताना खिंडीत दोन्ही बुरूज दिसतात,
डावीकडे एक, उजवीकडे एक, मधे नुसती हवा.
गणित मला पाठ आहे,
डोक्यावरून चाळीस मीटर उंच जाते ती रेषा.
तरी दोन माणसं बोलत असताना
मधून जाताना वाकतो, तसा मी वाकलो.

घोडा सरळ गेला.
त्याला मिठाचं ओझं उतरल्याचा आनंद होता.